उपवास कोण सोडवणार?

ठाणे ते कल्याण-डोंबिवली या पट्ट्यात कुणाच्याच घरी उपवास नाही, असा आठवडा वर्षभरात शोधूनही सापडणार नाही. चैत्रात आणि आश्विनात ठाण्याच्या टेंभी नाक्यावरच्या जैन मंदिराभोवती ओळीची आयंबिलं, म्हणजे नऊ दिवसांची एकवेळची, बिनतुपातेलाची जेवणं, चालू असतात. पावसाळ्यात उल्हासनगरचे सिंधी चाळीस दिवसांचा चालिहो पाळतात. रमजानात मुंब्र्यात आणि कल्याणच्या जुन्या मुस्लिम मोहल्ल्यांत सहरीसाठी पहाटे घरं जागी होतात. डोंबिवलीतल्या तमिळ घरांत स्कंदषष्ठीचे सहा दिवस असतात, मल्याळी घरांत शबरीमलैआधीचं एकेचाळीस दिवसांचं व्रत असतं. मराठी घरांतल्या चतुर्थ्या, एकादश्या, सोमवार, गुरुवार, शनिवार तर मोजायलाच नकोत. अशा ठिकाणी एखाद्या सतरा वर्षांच्या मुलीनं ताट बाजूला सारलं, तर घरात 'का जेवत नाहीस?' असं कुणी विचारत नाही. 'आज काय आहे?' असं विचारतात. ती सांगेल ते उत्तर खपून जातं. खाण्याच्या विकारांबद्दल, म्हणजे अॅनोरेक्सिया आणि बुलिमियासारख्या आजारांबद्दल आपल्याकडे बोलणं निघालं की दोन मतं हमखास ऐकू येतात. एक म्हणजे आपल्या उपास-तापासांनीच या आजाराला खतपाणी मिळतं. दुसरं म्हणजे हे श्रीमंत पाश्चात्त्यांचं खूळ आहे, आपली संस्कृती आपल्याला त्यापासून वाचवते. उपवासाच्या प्रथेचा या भूमीतला इतिहास पाहिला तर दोन्ही मतं टिकत नाहीत. उपवास सुरू कसा करायचा याइतकाच तो कुणी करू नये, मध्येच कसा थांबवायचा आणि शेवटी कसा सोडायचा, याचाही विचार त्या प्रथेत होता. आजार ओळखण्याची खूण त्या विचारातच आहे आणि उपचाराचं बरंचसं साहित्यही तिथंच पडलेलं आहे. आपण उपवास ठेवला, पण त्याचा हा अर्धा भाग हातातून निसटू दिला.

आधी आजाराची गोष्ट. 1873 मध्ये लंडनच्या विल्यम गल आणि पॅरिसच्या शार्ल लासेग या दोन डॉक्टरांनी जवळजवळ एकाच वेळी, स्वतःहून अन्न सोडून देणाऱ्या तरुण मुलींच्या आजाराची सविस्तर वर्णनं मांडली. 'अॅनोरेक्सिया नर्व्होसा' हे नाव गल यांनी रूढ केलं. त्यांच्या वर्णनात जाड होण्याच्या भीतीला महत्त्वाची जागा नव्हती. ती भीती आजाराच्या व्याख्येच्या केंद्रस्थानी आली विसाव्या शतकात, आणि तीही युरोप-अमेरिकेतल्या रुग्णांवरून. 1979 मध्ये लंडनच्याच जेराल्ड रसेल यांनी बुलिमियाचं वर्णन केलं. भराभर भरपूर खायचं आणि मग उलटी करून किंवा अन्य मार्गांनी ते शरीराबाहेर काढायचं, असं त्याचं रूप. पुढे हाँगकाँगमध्ये सिंग ली या मानसोपचारतज्ज्ञांना असे बरेच रुग्ण भेटले, जे खंगत चालले होते पण 'मला जाड व्हायची भीती वाटते' असं म्हणत नव्हते. पोट भरल्यासारखं वाटतं, भूकच नाही, खावंसंच वाटत नाही, असं ते सांगत. 1995 मध्ये दिल्लीच्या एम्समधल्या डॉक्टरांनी पाच तरुणींच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. त्यांचं निदान करताना सुरुवातीला अडचण आली, कारण पाठ्यपुस्तकात लिहिलेला शरीरप्रतिमेचा बिघाड त्यांच्यात तसा दिसत नव्हता. याच दशकात चेन्नईच्या संशोधकांनी भारतीय विद्यार्थ्यांतल्या खाण्याविषयीच्या त्रासासाठी वेगळी प्रश्नावली बनवली, कारण परदेशी प्रश्नावल्या इथल्या मुलींना नीट लागू पडत नव्हत्या. 2013 मध्ये अमेरिकन निदानपुस्तिकेची पाचवी आवृत्ती आली तेव्हा पाळी थांबण्याची अट काढून टाकली गेली, आणि भीती तोंडानं बोलून दाखवली नाही तरी वागण्यातून दिसली तरी पुरे, असं मान्य झालं. म्हणजे आजार सगळीकडे होताच. तो कुठल्या कारणाचं पांघरूण घेतो, हे मात्र गावोगावी बदलत गेलं. लंडनमध्ये ते कारण सडपातळ बांध्याचं असेल, हाँगकाँगमध्ये पोटाचं. ठाणे-डोंबिवलीत सर्वांत सहज मिळणारं, सर्वांत आदराचं आणि कुणीच उलटतपासणी न करणारं कारण म्हणजे उपवास.

आता उपवासाची बाजू. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री यानं तेराव्या शतकात 'चतुर्वर्गचिंतामणी'चा व्रतखंड रचला. 1790 च्या सुमारास पंढरपूरच्या काशिनाथ उपाध्यायांनी लिहिलेला 'धर्मसिंधु' महाराष्ट्रातल्या भिक्षुकांच्या घरोघरी पोचला. हे सगळं साहित्य चाळून महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी 'धर्मशास्त्राचा इतिहास'च्या पाचव्या खंडात व्रतांची भलीमोठी यादी आणि त्यांचे नियम मांडले. या ग्रंथांत व्रत घेण्यावर जेवढा भर आहे, जवळजवळ तेवढाच त्याच्या मर्यादांवर आहे. संकल्प करताना व्रत किती दिवसांचं ते ठरतं. पारणं म्हणजे उपवास सोडणं हा व्रताचाच भाग मानला आहे. पारणं नीट झालं नाही तर व्रत पुरं होत नाही. अनेक दिवसांच्या किंवा वर्षांच्या व्रताला शेवटी उद्यापन लागतं. पाणी, कंदमुळं, फळं, दूध आणि औषध घेतल्यानं व्रत मोडत नाही, आणि गुरूनं सांगितलं म्हणून खाल्लं तरीही मोडत नाही. एकादशीचं बंधन आठ वर्षांखालच्या आणि ऐंशी वर्षांवरच्या माणसाला नाही, आजाऱ्याला नाही. आणि सगळ्यांत महत्त्वाची तरतूद आज फारशी कुणाला आठवत नाही. व्रत घेतलेला माणूस आजारी पडला, तर त्याच्या जागी नवरा, बायको, मुलगा, भाऊ किंवा पुरोहित प्रतिनिधी म्हणून ते पुरं करू शकतो. त्याचं पुण्य मूळ व्रत घेणाऱ्यालाच मिळतं. शरीर थकलं म्हणून वचन मोडल्याचा दोष कुणाच्या डोक्यावर बसू नये, यासाठी केलेली ही व्यवस्था आहे. उपवास थांबवण्याची सर्वांत मोठी भीती ज्या मुलीला असते, तिच्यासाठी याहून नेमकी सोय मला दुसऱ्या कुठल्या परंपरेत दिसलेली नाही.

ठाण्याच्या जैनांकडे तर उपवासाची कथाच याच गावाशी जोडलेली आहे. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात विनयविजयांनी रचायला घेतलेला आणि त्यांच्या निधनानंतर यशोविजयांनी पूर्ण केलेला 'श्रीपाल रास' ओळीच्या दिवसांत आजही वाचला जातो. कुष्ठरोगानं ग्रासलेला राजपुत्र श्रीपाल आणि त्याची पत्नी मयणासुंदरी यांनी नवपदांची आराधना केली, आयंबिलं केली आणि श्रीपाल बरा झाला. पुढे समुद्रप्रवासात तो कोकणातल्या ठाण्याला पोचला, असं ती कथा सांगते. टेंभी नाक्याच्या मुनिसुव्रतस्वामींच्या मंदिराला 'कोकण शत्रुंजय' म्हणतात, ते या नात्यामुळेही. आयंबिलाचं ताट बारकाईनं पाहण्यासारखं असतं. दिवसातून एकदा, एकाच बैठकीत जेवायचं. दूध, दही, तूप, तेल, साखर, गूळ वर्ज्य. हिरवी भाजी आणि फळंही वर्ज्य. मग उरतं काय? उकडलेले मूग, भात, डाळीचं पाणी, कोरडी भाकरी किंवा खाखरा, आणि चवीपुरतं मीठ, मिरी, सुंठ, हिंग. पाणी उकळलेलं, तेही सूर्यास्ताआधी. जिभेचे लाड पूर्ण बंद. पण पोटाला धान्य आणि डाळ मिळतेच. ओळ नऊ दिवसांची, वर्षातून दोनदा, आणि सलग नऊ ओळी झाल्या की साडेचार वर्षांत एक्याऐंशी आयंबिलं होऊन उजमणं, म्हणजे उद्यापन, होतं. व्रत गुरूसमोर पच्चक्खाण, म्हणजे प्रतिज्ञा, घेऊन सुरू होतं, म्हणजे त्याला साक्षीदार असतो. जेवण बहुधा आयंबिलशाळेत, चार माणसांच्या पंगतीत होतं. खोलीचं दार लावून, कुणालाही न सांगता, कधी संपणार हे न ठरवता केलेलं आयंबील या परंपरेला माहीत नाही. श्रीपालाची कथा उपवासाला औषध मानते. आणि औषध म्हटलं की त्याची मात्रा आणि मुदत ठरवावीच लागते.

ठाण्यातल्या बेने इस्रायलींच्या परंपरेतही हे दिसतं. मराठी हीच मातृभाषा असलेला हा ज्यू समाज ठाण्यात पिढ्यान्‌पिढ्या मोठ्या संख्येनं राहिला. त्यांचं 'शआर हाशामायिम' हे प्रार्थनामंदिर 1879 चं. त्यांच्यातले इतिहासकार हाईम सॅम्युएल केहीमकर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस समाजाच्या सणांची जुनी मराठी नावं नोंदवून ठेवली. योम किप्पूरचा कडक उपवास म्हणजे 'दारफळणीचा सण', आणि त्याच्या दुसऱ्या दिवसाला 'शिळा सण' असं स्वतंत्र नाव. जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा शोकदिन मोड आलेल्या वालांवरून 'बिरड्याचा सण' झाला. एका उपवासाला तर त्यांनी 'नव्याचा रोजा' म्हटलं. रोजा हा शब्द शेजारच्या मुसलमानांकडून आलेला, सण हा हिंदूंकडून, आणि उपवास मोशेच्या धर्माचा. अनेक समाज एका गावात राहतात तेव्हा उपवासाची सामग्री अशी घरोघरी फिरते. इस्लाममध्ये तर आजारी, प्रवासी, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रीला रोज्यातून सूट आहे. राहिलेले रोजे पुढे भरून काढायचे, तेही जमणारं नसेल तर गरिबाला जेवू घालायचं, आणि पाळीच्या दिवसांत तर रोजा ठेवायचाच नाही. प्रत्येक परंपरेत तपशील वेगळे आहेत, पण उपवासाला सुरुवात, साक्षीदार, सूट आणि शेवट हवा, याबद्दल एकमत आहे.

ही जुन्या काळाची गोष्ट झाली, आता कोण हे पाळतं, असं कुणी म्हणेल. पण नव्यानं जन्मलेल्या व्रतांतही ही रचना टिकून होती. 1975 मध्ये 'जय संतोषी माँ' हा चित्रपट आला आणि शुक्रवारच्या व्रताची लाट सगळ्या उत्तर आणि पश्चिम भारतात पसरली. त्याच काळात गिरगाव-दादरच्या चाळींतून डोंबिवलीच्या ब्लॉकमध्ये आलेल्या मराठी घरांतही ती पोचली. व्रताच्या पुस्तिका स्वस्तात मिळत: कहाणी, पूजाविधी, आंबट खायचं नाही हा नियम, आणि सोळा शुक्रवार झाले की उद्यापन, मुलांना जेवण. सोळा सोमवारांची, मार्गशीर्षातल्या गुरुवारांची पुस्तिकाही अशीच. या व्रतांना फार जुनं शास्त्र नव्हतं, तरी त्यांनी शास्त्राचा सांगाडा उचलला. शेवटची पानं नेहमी उद्यापनाची. आणि प्रथा काळाबरोबर किती बदलते, हे पाहायचं तर उपवासाच्या थाळीकडेच पाहावं. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो, बटाटा, शेंगदाणा, मिरची, हे सगळं अमेरिका खंडातून, पोर्तुगीज आल्यानंतर इकडे आलेलं. हेमाद्रीला ठाऊक नसलेल्या पदार्थांनी आपली एकादशी भरलेली आहे. उपवासाला काय चालतं हे समाजानं तीनचारशे वर्षांत इतकं बदललं असेल, तर उपवास कुणी करू नये हेही आजच्या माहितीप्रमाणे नव्यानं ठरवता येईल. धर्मात हात घालू नका, असं म्हणणाऱ्यांना माझं हेच उत्तर आहे.

बदललं ते हे की उपवासावर नजर ठेवणारी माणसं पांगली. चाळीत कोण जेवलं आणि कोण नाही, हे गॅलरीला कळे. ब्लॉकमध्ये ते कळायची वाट राहिली नाही. डोंबिवलीची आई सकाळची लोकल पकडायला बाहेर पडते, वडील तिच्याआधी निघालेले असतात, मुलगी कॉलेजला डबा घेऊन जाते आणि रात्री घरची माणसं वेगवेगळ्या गाड्यांनी परततात. डबा रिकामा आला म्हणजे तो कुणाच्या पोटात गेला, हे कुणालाच ठाऊक नसतं. पोळी-भाजी केंद्रांनी या शहरांतल्या नोकरदार बायकांचा जीव वाचवला, त्यांचं ऋण मोठं आहे. पण जेवण एकत्र बसून करायची वेळ त्यातून परत येत नाही, आणि ती आणणं हे त्यांचं कामही नव्हतं. याच वर्षांत उपवासाची नवी जात आली: सोळा तास उपाशी, आठ तासांत खाणं, कॅलरी मोजणारं अॅप, जिममधल्या मुलांचं 'कटिंग'. मुलगेही यातून सुटलेले नाहीत, हे आवर्जून सांगायला हवं, कारण त्यांच्याकडे बघून अॅनोरेक्सिया कुणाच्या मनातही येत नाही. या नव्या उपवासात संकल्प आहे, पण उद्यापन नाही. अॅप उद्याचं लक्ष्य आजच्याहून खाली आणतं आणि पारण्याचा दिवस कधीच सांगत नाही. आजारी मुलगी जुन्या व्रताचं नाव घेते आणि या नव्या उपवासासारखं वागते. चतुर्थी संपली तरी ती जेवत नाही, चंद्रोदयाला बाथरूममध्ये असते, घरच्यांना साबुदाण्याची खिचडी आग्रहानं वाढते आणि स्वतः वाटी हलवत बसते. तिच्या उपवासाला पारणं नाही. आजार ओळखायची माझ्या मते ही सर्वांत भरवशाची खूण आहे, आणि ती ओळखायला डॉक्टरच हवा असं नाही, आजीलाही ती ओळखता येईल.

इथं एक गंभीर आक्षेप येतो आणि त्याला बगल देणं अप्रामाणिक ठरेल. या परंपरा बाईच्या काळजीसाठी होत्या की तिच्यावर ताबा ठेवण्यासाठी? नवऱ्याच्या परवानगीशिवाय बायकोनं व्रत करू नये, असं धर्मशास्त्र सांगतं. त्या परवानगीमागे तिच्या प्रकृतीची चिंता नव्हती, मालकी होती. श्रावणातल्या कहाण्या घेतलेला वसा टाकणाऱ्या बाईवर कोसळलेली संकटं रंगवून सांगतात. घरातली बाई सगळ्यांत शेवटी, उरलंसुरलं जेवत आली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे 2019-21 मध्ये, महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या सुमारे 54 टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. जिथं अर्ध्याहून अधिक बायका अशक्त आहेत, तिथं एक मुलगी खंगते आहे हे दिसणारच कसं? हा आक्षेप मला पूर्णपणे मान्य आहे. म्हणूनच परंपरा जशीच्या तशी परत आणा, असं मी म्हणत नाही. ताब्याचे नियम आणि काळजीचे नियम एकाच पोथीत शेजारी शेजारी लिहिलेले आहेत. आपण इतकी वर्षं ताब्याचे जपले आणि काळजीचे सोडले. बाईनं व्रत टाकू नये, हे प्रत्येक घराला पाठ आहे. तिच्या वतीनं दुसऱ्यानं ते पुरं करावं, हे मात्र कुणाच्या लक्षात नाही. निवड करायचीच आहे, तर यावेळी ती उलट दिशेनं करता येईल.

दुसरा आक्षेप याहून जड आहे. ऑक्टोबर 2016 मध्ये सिकंदराबादेत एक तेरा वर्षांची जैन मुलगी अडुसष्ट दिवसांच्या उपवासानंतर दगावली. त्या उपवासाला मुदत होती. साक्षीदार होते. पारणं तर वाजतगाजत झालं होतं. मी ज्यांना संरक्षण म्हणतो त्या जवळजवळ सगळ्या गोष्टी तिथं होत्या, तरीही ती मुलगी वाचली नाही. तिला खाण्याचा विकार होता असं म्हणायला काहीही आधार नाही. पण ही घटना माझ्या युक्तिवादाला दुरुस्त करते आणि ती दुरुस्ती मी स्वीकारतो. टाळ्या वाजवणारा साक्षीदार काळजी घेऊ शकत नाही. साक्षीदाराला 'पुरे' म्हणायचा अधिकार आणि हिंमत नसेल तर त्याचं असणं उलट घातक, कारण मग उपवास लांबण्यालाच मान मिळतो. जुन्या ग्रंथांतली सूट वयाची, आजाराची आणि गुरूच्या शब्दाची आहे. ती सूट देणारा कुणी उरलाच नाही तर बाकीची चौकट शोभेची होते. तेव्हा ठाण्यातल्या उपाश्रयात अल्पवयीन मुलामुलींना दीर्घ तपाचं पच्चक्खाण देण्याआधी डॉक्टरचा शब्द घ्यावा, ही मागणी धर्माविरुद्ध जात नाही. औषधाला आणि गुरुवचनाला जी जागा परंपरेनं दिली आहे, तिथंच ती बसते.

या पट्ट्यात मनाच्या आजारांवर उपचार कसे होत आले, हेही पाहू. ठाण्याचं मनोरुग्णालय 1901 चं, नरोत्तमदास माधवदास यांच्या नावाचं. ब्रिटिश काळात अशा इस्पितळांत रुग्णांची वजनं नोंदवली जात आणि वजन वाढणं हे सुधारणेचं लक्षण मानलं जाई. जातीधर्मांप्रमाणे स्वयंपाकाची वेगळी व्यवस्था ठेवावी लागे, नाहीतर रुग्ण जेवायलाच नकार देत. म्हणजे अन्न आणि समाज यांची सांगड घातल्याशिवाय उपचार चालत नाहीत, हे त्या व्यवस्थेलाही पहिल्यापासून उमगलेलं होतं. पण बाहेर त्या इस्पितळाची ख्याती वेगळीच झाली. 'ह्याला ठाण्याला पाठवा' ही थट्टा अख्ख्या महाराष्ट्रात चालली, आणि ठाण्याच्या मुलींनाच ठाण्याच्या इस्पितळाची लाज वाटू लागली. दुसरीकडे कल्याणजवळचा मलंगगड. हाजी मलंगच्या दर्ग्याची वहिवाट पिढ्यान्‌पिढ्या केतकर या ब्राह्मण घराण्याकडे राहिली आणि तिथं हिंदू-मुसलमान दोघंही 'बाहेरचं' झालेल्या माणसांना घेऊन जात आले. न जेवणारी मुलगीही अशीच तिथं नेली जाई, जाते. 2001 मध्ये तमिळनाडूतल्या एरवाडी इथं साखळ्यांनी बांधलेले मनोरुग्ण आगीत जळून मेले, त्यानंतर अशा जागांकडे पाहायची नजर कडक झाली, ते योग्यच झालं. मात्र गुजरातेत उनाव्याच्या मीरा दातार दर्ग्यात 'दवा आणि दुवा' एकत्र देण्याचा प्रयोग झाला. तिथले मुजावर भाविकांना हाकलत नाहीत, डॉक्टरकडे पाठवतात. मलंगगडाच्या पायथ्याशी असं काही उभं राहायला अडचण कसली आहे? 1990 मध्ये डॉ. आनंद नाडकर्णी यांनी ठाण्यात इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ सुरू केली आणि मनाच्या आजारांबद्दल मराठीत, सभागृहं भरतील अशा मोकळेपणानं बोलण्याची सवय या शहराला लावली. त्या सवयीचा फायदा खाण्याच्या विकारांना अजून पुरेसा मिळालेला नाही, असं मला वाटतं. व्यसनाबद्दल, नैराश्याबद्दल ठाणेकर आता बोलतो. न जेवण्याबद्दल मात्र अजून 'नखरे' म्हणूनच बोललं जातं.

उपचार कुणी करायचे, घरानं की इस्पितळानं, हा वाद पाश्चात्त्य वैद्यकातही दीर्घकाळ चालला. गल यांच्या मते नातेवाईक हे अशा रुग्णाचे सर्वांत वाईट शुश्रूषक. पॅरिसमध्ये शार्को यांनी तर मुलीला आईवडिलांपासून तोडण्यावरच भर दिला. पुढची शंभर वर्षं ती समजूत टिकली. 1987 मध्ये लंडनच्या मॉडस्ली इस्पितळातल्या गटानं एका चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. आजार कमी वयात जडलेला आणि फार जुना न झालेला असेल, तर आईवडिलांनाच जेवणाची सूत्रं देऊन केलेल्या उपचारांचा अधिक फायदा होतो, असं त्यात दिसलं. आज पौगंडावस्थेतल्या अॅनोरेक्सियासाठी हीच पद्धत प्रथम सुचवली जाते. एकत्र जेवणाऱ्या घराला हे नवं वाटणार नाही. पण घर म्हटलं की सगळंच भलं, असंही नाही. 'किती वाळलीस गं' आणि 'जरा जाड झालीस हं' ही दोन्ही वाक्यं याच पंगतीत, एकाच लग्नात ऐकू येतात. सूत्रं घराकडे द्यायची तर घराला शिकवावं लागेल. वजनावर बोलायचं नाही, जेवताना भांडायचं नाही, ताटावरून ती उठली तरी तिच्याजवळून उठायचं नाही.

शिकवण्यासारखं आणखी एक आहे, आणि ते पारण्याशी थेट जोडलेलं आहे. 1944-45 मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अँसल कीज यांनी छत्तीस निरोगी तरुणांना, त्यांच्या संमतीनं, चोवीस आठवडे अर्धपोटी ठेवलं. त्यांचं वजन सुमारे पाव हिश्शानं घटलं. पण चकित करणारं होतं ते त्यांचं मन. ते अन्नाखेरीज दुसरा विचार करेनासे झाले, पाककृती जमवू लागले, एकेका घासाला वेळ लावू लागले, चिडखोर आणि एकलकोंडे झाले. काहींचा ताबा सुटून ते बकाबका खाऊ लागले आणि मग स्वतःला दोष देऊ लागले. या मुलांना आजार नव्हता. उपासमारीनं त्यांना तसं केलं. याचा अर्थ असा की खंगलेल्या मुलीशी आधी बोलू, मनाचं कारण शोधू आणि मग ती जेवेल, हा क्रम चुकीचा आहे. आधी अन्न हवं, कारण उपाशी मेंदूशी बोलणं पुढे जात नाही. मात्र अन्न एकदम देणंही जिवावर बेततं. दीर्घ उपासमारीनंतर भरपेट वाढलं तर रक्तातलं फॉस्फेट झपाट्यानं खाली येतं आणि हृदय बंद पडू शकतं. म्हणून पहिले दिवस डॉक्टरांच्या देखरेखीत, रक्त तपासत, थोडं थोडं. मोठ्या तपानंतर जैन घरांत मुगाच्या पाण्यासारख्या हलक्या पदार्थांनी सुरुवात होते आणि पूर्ण जेवणावर यायला दिवस लागतात, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे समजावायला वेळ लागणार नाही. लग्नाची पंगत वाढून पारणं होत नसतं, हे प्रत्येक आजीला कळतं.

तेव्हा ठाणे-कल्याणच्या दवाखान्यात अशी मुलगी आली, तर 'तुला जाड व्हायची भीती वाटते का?' एवढं विचारून थांबता येणार नाही. कोणता उपवास, कुणाच्या सांगण्यावरून, किती दिवसांचा, सोडताना काय खाल्लं, कुणासमोर खाल्लं, हे विचारावं लागेल. आणि ते विचारायला डॉक्टरला ओळ, चालिहो, रोजा आणि संकष्टी यांतला फरक माहीत असावा लागेल. आहारतज्ज्ञाच्या छापील तक्त्यात अंडं आणि पनीर लिहिलेलं असतं. कांदा-लसूणही न खाणाऱ्या घरात तो तक्ता पहिल्याच दिवशी कपाटात जातो. मौलवी, महाराजसाहेब, भटजी, सिंधी टिकाण्याचे बाबा यांच्यापैकी ज्याचा शब्द त्या घरात चालतो, त्याच्याकडून सूट मिळवणं हे उपचाराचं काम आहे, आणि ते लाजत करू नये. बरं व्हायला महिने नाही, पुष्कळदा वर्षं लागतात, आणि मधल्या काळात चातुर्मास येणार, नवरात्र येणार, रमजान येणार. प्रत्येक वेळी ती विचारणार, की एकच दिवस करू का? त्यावेळी 'देवाला चालतं' असं मोघम सांगण्यापेक्षा आईनं, मावशीनं किंवा थोरल्या भावानं तिच्या नावानं संकल्प करावा आणि तिच्यासमोर उपवास धरावा. ती त्या दिवशी वरण-भात जेवेल, सगळ्यांच्या आधी, आणि संध्याकाळी तिच्याच हातून उपवास सोडवून घ्यावा.